हातचे न राखणारा वैद्य

१८०४ सालच्या ऑक्टोबरात जपानच्या की प्रांतातल्या हिरायामा या खेड्यात हानाओका सेइशू नावाच्या वैद्याने साठीच्या एका बाईला संपूर्ण बेशुद्ध करून तिच्या स्तनातली कर्करोगाची गाठ कापून काढली. भुलीसाठी त्याने वापरलेल्या औषधात धोतरा आणि बचनाग ही आपल्या ओळखीची दोन विषे होती. त्यांचे प्रमाण बसवायला त्याला वीसएक वर्षे लागली, आणि त्या प्रयोगांत त्याच्या बायकोची दृष्टी गेली असे सांगितले जाते. बॉस्टनमध्ये ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली ती १८४६ साली. म्हणजे हानाओका बेचाळीस वर्षे पुढे होता. त्याच्या हाताखाली हजारावर शिष्य शिकून गेले, तरी बाहेरच्या वैद्यकाला या शोधाचा पत्ता लागला नाही आणि खुद्द जपानातही तो त्याच्या शिष्यशाखेबाहेर फारसा गेला नाही. याचे नेहमी दिले जाणारे कारण म्हणजे जपान तेव्हा जगाला बंद होता. ते खरे आहे, पण निम्मेच. हानाओका प्रत्येक शिष्याकडून शपथ घेत असे, की इथे शिकलेले बाहेर कुणाला, अगदी घरच्यांनाही, सांगणार नाही. देशाचे दार बंद होतेच. आतल्या खोल्यांनाही कड्या होत्या.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. नाकागावा गोरोजी हा उत्तरेकडच्या बेटावरचा एक साधा पहारेकरी. १८०७ साली रशियनांनी त्याला पकडून नेले, पाच वर्षांनी तो सुटून आला. येताना त्याच्याजवळ देवीची लस टोचण्यावरचे रशियन पुस्तक होते, आणि टोचतात कसे हेही त्याने पाहिलेले होते. १८२४ साली मात्सुमाएच्या परिसरात देवीची साथ आली तेव्हा त्याने मुलांना लस टोचली आणि ती लागू पडली. जपानमधले गोस्तनदेवीच्या लसीकरणाचे हे पहिले यश. पण गोरोजीने ही कला कमाईचे साधन म्हणून झाकून ठेवली आणि दक्षिणेकडे तिची वार्ताही नीट पोचली नाही. पुढची पंचवीस वर्षे मुले मरत राहिली. गोरोजीला दुष्ट म्हणण्यात अर्थ नाही. पिढीजात विद्या हेच ज्या समाजात पोटाचे साधन असते, तिथे वस्ताद एक डाव स्वतःजवळ राखून ठेवतोच. तलवारबाजी, चहाचा विधी, हाडवैद्यकी, शस्त्रक्रिया, सगळीकडे जपानात हाच रिवाज होता. घराण्याची गुप्त परंपरा हा तिथे अभिमानाचा विषय होता.

ओगाता कोआन या माणसाकडे मी या बाजूने पाहतो. १८१० ते १८६३ एवढे त्याचे आयुष्य. पाश्चात्त्य विद्येच्या जपानी अभ्यासकांत त्याचे नाव पहिल्या रांगेत घेतले जाते, आणि तरीही त्याने काय शोधले असे विचारले तर उत्तर सोपे आहे, काहीही नाही. भूल देण्याचे औषध त्याचे नाही, लस त्याची नाही, शवविच्छेदनाचा पहिला ग्रंथ त्याचा नाही. माझे म्हणणे असे, की त्याने पश्चिमेकडून विद्या किती आणली हा दुय्यम प्रश्न आहे. विद्या कशी बाळगायची, तिच्यावर मालकी कुणाची आणि ती कुणाला द्यायची, याची रीत त्याने आपल्यापुरती बदलून टाकली. आणि जपानला पुढे जे उपयोगी पडले ते त्या पुस्तकांतल्या माहितीपेक्षा ही रीतच जास्त.

कोआन जन्मला बिच्चू प्रांतातल्या आशिमोरी या छोट्या संस्थानात, आजच्या ओकायामा शहराच्या हद्दीत. बाप कनिष्ठ दर्जाचा सामुराई, हा तिसरा मुलगा आणि प्रकृतीने तोळामासा. संस्थानाच्या कोठाराचा कारभार पाहायला बापाची ओसाकाला नेमणूक झाली आणि १८२५ साली मुलगाही तिकडे गेला. पुढच्याच वर्षी तो नाका तेन्यू या डच विद्येच्या जाणकाराच्या शाळेत दाखल झाला. मुलाने तलवार सोडून औषधाची पेटी घ्यावी हे बापाला रुचणारे नव्हते, पण तलवार पेलणारे शरीरच नव्हते. १८३१ साली तो एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, त्सुबोई शिन्दोच्या शाळेत गेला आणि चार वर्षे तिथे गरिबीत काढली. १८३६ मध्ये नागासाकी. १८३८ साली ओसाकाला परत येऊन त्याने दवाखाना थाटला, याए नावाच्या वैद्यकन्येशी लग्न केले आणि शाळा काढली. तिचे नाव तेकिजुकु. या याएबाईंनी तेरा बाळंतपणे काढली आणि वर शेकडो दांडग्या विद्यार्थ्यांचे घर सांभाळले. चरित्रकार हे एका ओळीत उरकतात, मीही उरकले, पण ती ओळ छोटी नाही.

त्या वेळी पाश्चात्त्य विद्या जपानात कोणत्या वाटेने येत होती तेही पाहायला हवे. १६४१ पासून युरोपियनांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना, तेही नागासाकी बंदरातल्या देजिमा या कृत्रिम बेटावर, राहायची मुभा होती. १७२० साली शोगुन, म्हणजे देशाचा प्रत्यक्ष सत्ताधारी, योशिमुने याने ख्रिस्ती धर्माशी संबंध नसलेल्या परकीय ग्रंथांवरची बंदी सैल केली. १७७४ साली सुगिता गेन्पाकु, माएनो र्योताकु आणि त्यांच्या सोबत्यांनी शरीररचनेचा एक डच ग्रंथ भाषांतर करून छापला आणि डच पुस्तके वाचणाऱ्यांची एक परंपराच सुरू झाली. सत्ताधाऱ्यांचा हात मात्र कधी पाठीवर तर कधी मानेवर. १८२८ साली जर्मन डॉक्टर झीबोल्टजवळ जपानचे नकाशे सापडले आणि ते देणाऱ्याचा तुरुंगात अंत झाला. १८३९ मध्ये सरकारच्या परराष्ट्र धोरणावर टीका केली म्हणून डच विद्येच्या पंडितांची धरपकड झाली. त्यातला ताकानो चोएइ हा झीबोल्टचा हुशार शिष्य. तुरुंगाला आग लागली तेव्हा तो निसटला, ओळख पटू नये म्हणून त्याने रसायनाने स्वतःचा चेहरा जाळून घेतला, आणि १८५० मध्ये पकडायला आलेल्यांच्या हातून संपला. हे सगळे कोआनच्या काळातले. त्याने शाळा काढली त्याच्या पुढच्याच वर्षी ही धरपकड झाली आहे. शाळा टिकली याला एक कारण ओसाका हेही असावे. ते व्यापाऱ्यांचे शहर, तिथे सामुराईंची वस्ती थोडी, दरबार लांब आणि औषधांच्या घाऊक पेढ्यांचा दोशोमाची हा भाग शाळेपासून हाकेच्या अंतरावर.

ओसाकाच्या किताहामा भागातले तेकिजुकुचे दुमजली लाकडी घर अजून उभे आहे. शाळा तिथे १८४५ साली आली. खाली कोआनचे कुटुंब, वर विद्यार्थी. एका मोठ्या खोलीत माणशी एक ततामी, म्हणजे एका माणसाला आडवे होता येईल एवढी चटई. तेवढ्यात अंथरूण, मेज, पेटी, सगळा संसार. भिंतीकडेची चटई मिळाली तर दिवसाही दिवा लावावा लागे आणि वाटेवरची मिळाली तर रात्री येणारा-जाणारा अंगावर पाय देऊन जाई. चांगली चटई कुणाला मिळायची ते बापाच्या हुद्द्यावर ठरत नसे. महिन्याच्या परीक्षेतल्या क्रमाने ज्याने त्याने जागा निवडायची. ज्या देशात कुणी कुणापुढे किती वाकायचे हे जन्माने ठरत होते तिथे ही गोष्ट लहान नव्हे. मधल्या खांबावर तलवारींचे वार अजून दिसतात. अभ्यासाने डोके फिरलेल्या सामुराईपुत्रांनी ते केलेले आहेत.

परीक्षेची रीत अशी. नवख्याला आधी डच व्याकरणाची दोन पुस्तके शिकवत. त्यानंतर शिकवणे बंद. शाळेकडे पदार्थविज्ञान आणि वैद्यकावरची मिळून जेमतेम दहाएक डच पुस्तके होती. प्रत्येकाने आपल्या वाट्याची पाने स्वतः नकलून घ्यायची. कुंचल्याने डच अक्षरे नीट येत नाहीत, म्हणून गळाने मासे धरणाऱ्यांसाठी बाजारात पक्ष्यांच्या पिसांच्या कापलेल्या दांड्या मिळत, त्या आणून, टोक काढून लेखण्या करीत. मग ठरलेल्या दिवशी, महिन्यातून सहा वेळा, दहा-पंधरा जण वर्तुळ करून बसत. चिठ्ठी निघेल त्याने उतारा वाचून अर्थ सांगायचा, पुढच्याने चूक काढायची, आणि वरच्या वर्गातला एक विद्यार्थी निवाडा करून नावापुढे पांढरे किंवा काळे वर्तुळ काढी. त्या दिवसापर्यंत कुणी कुणाला एक शब्दही विचारायचा नाही. आधार एकच, देजिमाच्या वखारीचा प्रमुख हेन्ड्रिक डूफ याने जपानी दुभाष्यांच्या मदतीने रचलेला मोठा शब्दकोश. त्याची हस्तलिखित प्रत अख्ख्या शाळेत एक. ती एका छोट्या खोलीत असे आणि तिथून हलवायची मनाई होती. परीक्षेच्या आदल्या रात्री त्या खोलीतला दिवा विझत नसे. तीन महिने ओळीने पहिला आला की वरच्या वर्गात. कोआनचे स्वतःचे व्याख्यान फक्त सर्वांत वरच्या वर्गाला. फुकुझावा युकिचीसारखा स्वतःच्या बुद्धीवर बेहद्द खूश असलेला विद्यार्थीही आत्मचरित्रात कबूल करतो, की गुरूचे विवेचन ऐकून बाहेर पडल्यावर आपण निरक्षर आहोत असे वाटे.

यात राखून ठेवण्यासारखा डावच उरत नाही, हे लक्षात घ्यावे. पुस्तक सगळ्यांपुढे उघडे, कोश सगळ्यांचा, चूक काढण्याचा अधिकार शेजाऱ्याचा. गुरूच्या कानगोष्टीवर काहीच अवलंबून नाही. फुकुझावाने सांगितलेला एक प्रसंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. फुकुओकाचा संस्थानिक ओसाकावरून जात असता त्याच्याजवळ ऐंशी र्यो, म्हणजे सोन्याची नाणी, मोजून घेतलेला एक नवा डच ग्रंथ होता आणि त्यात फॅरेडेच्या शोधांवर आधारलेले विजेचे प्रकरण होते. कोआनला तो दोन-तीन दिवसांपुरता मिळाला. त्याने तो स्वतःच्या खोलीत नेऊन वाचत बसण्याऐवजी थेट विद्यार्थ्यांपुढे टाकला. त्यांनी पाळ्या लावून, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने लिहायचे अशा रीतीने, रात्रंदिवस खपून विजेचे प्रकरण आकृत्यांसह उतरवून घेतले. वेळ असता तर पुस्तक उसवून सगळेच नकलले असते. संस्थानिकाने ऐंशी र्योला विकत घेतलेली गोष्ट तीन दिवसांत पोरांची झाली.

इथे जाणकार वाचक आक्षेप घेईल, की वर्तुळात बसून वाचण्याची पद्धत कोआनची नाही आणि पाश्चात्त्यही नाही. आक्षेप बरोबर आहे. कन्फ्यूशियन ग्रंथांच्या पाठशाळांतून अशी सहवाचने शतकभर आधीपासून चालत होती, आणि सुगिता गेन्पाकुच्या मंडळींनीही शरीररचनेचा ग्रंथ असाच एकत्र बसून फोडला होता. त्यामुळे माझ्या मुद्द्याला बाध येत नाही, उलट तो अधिक नेमका होतो. जपानी समाजात विद्येच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदत होत्या. ग्रंथ सगळ्यांनी मिळून वाचायचे, कसब मात्र घराण्यात झाकायचे. वैद्यकाचा पाय दोन्हीत होता. हानाओकाकडे ते कसब होते. कोआनने वैद्यकाला उचलून ग्रंथांच्या बाजूला नेले. ही निवड होती आणि तिची किंमतही होती. दरबारातल्या चिनी पद्धतीच्या वैद्यघराण्यांनी १८४९ साली शोगुनच्या सरकारकडून हुकूम काढवला, की शस्त्रक्रिया आणि नेत्रविकार वगळता सरकारी वैद्यांनी डच पद्धत वापरू नये. त्याच वर्षी कोआनने रोगविज्ञानावरचा आपला ग्रंथ छापला. जपानी भाषेतला त्या विषयावरचा तो पहिला.

याच १८४९ साली लसही आली. वर्तुळात बसून पुस्तके वाचणे एक वेळ सोपे; खरी कसोटी लसीची होती, कारण तिथे विद्या, पैसा आणि मुलांचे जीव एका जागी आले. जेन्नरने आपला शोध १७९८ मध्ये छापला होता. झीबोल्टने १८२३ मध्ये लस आणली होती, पण वाटेतल्या उन्हाने ती मेली, आणि नंतर बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जाकार्ताहून, द्रवरूपात आलेल्या लसींचेही तेच झाले. शेवटी द्रवाऐवजी फोडाची वाळलेली खपली मागवून पाहिली आणि देजिमाचा डॉक्टर मोनिके याने टोचलेल्या मुलांपैकी एका जपानी वैद्याच्या मुलाच्या दंडावर फोड आला. तिथून लस क्योटोला हिनो तेइसाई या म्हाताऱ्या वैद्याकडे आणि वर्षअखेरीला ओसाकाला कोआनकडे पोचली. पोचली म्हणजे बाटलीतून नव्हे, मुलाच्या दंडावरून. त्या काळी लस जिवंत ठेवायचा दुसरा खात्रीचा उपाय नव्हता. टोचल्यावर सातव्या दिवशी फोड भरतो, त्यातला रस काढून दुसऱ्या मुलाला टोचायचा, त्याच्या सातव्या दिवशी तिसऱ्याला. एका आठवड्यात नवे मूल मिळाले नाही की साखळी तुटली आणि सगळे पुन्हा बटाव्हियापासून. फुकुईचा वैद्य कासाहारा हाकुओ ऐन हिवाळ्यात, बर्फाने भरलेली खिंड ओलांडून, मुले आणि त्यांचे आईबाप बरोबर घेऊन क्योटोहून आपल्या गावी गेला, तो या सात दिवसांच्या हिशेबामुळेच.

कोआन, त्याचे वैद्यमित्र आणि यामातोया किहेई हा व्यापारी यांनी ओसाकात लसघर उघडले. पहिलाच नियम त्यांनी असा केला, की पुढेमागे यातून कितीही मानधन मिळो, कुणी ते स्वतःचे समजायचे नाही. ते याच कामाला लागेल. सुरुवातीला थोडी मुले आली, मग चार महिन्यांच्या आत अफवा उठल्या की लस निरुपयोगी, वर अंगाला बाधणारी, आणि लोकांनी पाठ फिरवली. साखळी तुटू नये म्हणून या मंडळींनी गरिबांच्या वस्त्यांत जाऊन आईबापांना तांदूळ आणि पैसे देऊन दर आठवड्याला चार-पाच मुले गोळा केली. असे काही वर्षे चालले. लस टोचून घेण्यासाठी डॉक्टरने पदरचे द्यायचे, असा हा उलटा व्यवहार. दरम्यान बाहेरगावचे जे वैद्य लस मागायला आले त्यांना ती दिली गेली आणि पश्चिम जपानात शाखा पसरल्या. १८५८ साली शोगुनच्या सरकारने या लसघराला मान्यता दिली. त्याच वर्षी एदोतल्या ऐंशीवर डच वैद्यांनी वर्गणी काढून तिथे लसघर उभारले. टोकियो विद्यापीठाच्या वैद्यक शाखेचे मूळ तेच.

मात्र कोआनची उघडी विद्या अगदीच मोकाट नव्हती. लस देताना ती घेणाऱ्या वैद्याची पारख होई, शाखांना प्रमाणपत्रे दिली जात, आणि सरकारी मान्यता मागण्यामागे भोंदू टोचणाऱ्यांना आवर घालावा हाही हेतू होता. मग हानाओकाची शपथ आणि हे प्रमाणपत्र यांत फरक तो काय, असे कुणी विचारील. फरक शर्तीत आहे. शपथ सांगते, कुणाला सांगू नकोस. प्रमाणपत्र सांगते, नीट करत असशील तर कर, आणि पुढच्यालाही दे. एका शर्तीने संख्या आवळली जाते, दुसरीने ती वाढते. फोड खरा लागला की खोटा हे न कळणाऱ्याने टोचलेले मूल पुढे देवीने गेले, तर सगळ्या लसीवरचाच विश्वास उडणार. ही भीती खोटी नव्हती.

आपल्याकडची तारीख इथे आठवते. जेन्नरची लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने मुंबईला आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लागू पडली. तिच्यापासून हिंदुस्थानभर साखळ्या गेल्या. म्हणजे मुंबईला जे १८०२ मध्ये मिळाले ते ओसाकाला १८४९ मध्ये. पण मुंबईत लस कंपनी सरकारच्या डॉक्टरांनी आणली, आणि शहरात ती सक्तीची करणारा कायदाही १८७७ मध्ये सरकारनेच केला. ओसाकात ती देशी वैद्यांनी, सरकार रुसलेले असताना, स्वतःच्या आणि व्यापाऱ्यांच्या पैशांवर चालवली. यातले कोणते श्रेष्ठ हे ठरवण्याची गरज नाही. जीव दोन्हीकडे वाचले. मात्र पुढे सरकार बदलले, शोगुन जाऊन सम्राट आला, तेव्हा सार्वजनिक आरोग्याचे काम अंगावर घ्यायला जपानात घरचीच माणसे तयार होती. मेजी सरकारच्या आरोग्य खात्याचा पहिला प्रमुख नागायो सेन्साई हा तेकिजुकुचा विद्यार्थी.

१८५८ सालच्या कॉलऱ्यात तीच रीत पुन्हा दिसते. बंगालमधून १८१७ साली निघालेली पहिली लाट १८२२ मध्ये जपानला जाऊन आली होती. या वेळी रोग मिसिसिपी या अमेरिकी युद्धनौकेबरोबर नागासाकीला उतरला आणि थोड्याच आठवड्यांत ओसाका-एदोपर्यंत पोचला. कोआनने हाताशी असलेल्या डच ग्रंथांतली कॉलऱ्याची प्रकरणे घाईघाईने जपानीत उतरवून एक छोटी पुस्तिका छापली आणि शंभर प्रती वैद्यांना वाटून टाकल्या. त्यातल्या उपायांनी फार कुणी वाचले असेल असे वाटत नाही, कारण तेव्हा युरोपच्याही हातात कॉलऱ्यावर खरे औषध नव्हते. पण रुग्ण दारात असताना स्वतःचे टिपण छापून प्रतिस्पर्धी वैद्यांच्या हातात देणे, हे हानाओकाच्या शिष्याला सुचलेही नसते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. तेकिजुकुमध्ये विद्या होती कुठे? होती ती पुस्तके वाचण्याची कसरत. रुग्णाच्या खाटेशी नेऊन शिकवणे जवळपास नव्हतेच, शवविच्छेदन क्वचित, प्रयोग म्हणजे पोरांनी घोड्यांचे खूर तापवून अमोनिया काढायचा आणि अख्ख्या मोहल्ल्याला नाक धरायला लावायचे. भाषाही चुकीची निवडलेली. फुकुझावा १८५९ साली योकोहामाच्या नव्या बंदरात गेला तेव्हा दुकानांच्या पाट्याही त्याला वाचता येईनात, कारण तिथे सगळे इंग्रजी. जिवाचे रान करून मिळवलेली डच भाषा एका फेरफटक्यात शिळी झाली. हा आक्षेप मी मोडीत काढत नाही. १८५७ पासून नागासाकीत डच नौदलाचा डॉक्टर पोम्पे पद्धतशीर वैद्यक शिकवत होता आणि १८६१ मध्ये तिथे खाटांचे रुग्णालयही उभे राहिले. त्याच्यापुढे तेकिजुकुची पद्धत जुनी पडली होती. प्रश्न इतकाच, की हे कोआनला कळले का, आणि कळल्यावर त्याने काय केले. त्याने नागायोला नागासाकीला जायला सांगितले आणि स्वतःचे मुलगेही पोम्पेकडे पाठवले. आपल्या शाळेपेक्षा दुसरीकडे बरे शिकवतात हे उमगल्यावर हुशार शिष्य तिकडे रवाना करणारा गुरू दुर्मीळच. आणि फुकुझावाने योकोहामाहून परतल्यावर काय केले? दुसऱ्याच दिवशी इंग्रजीला हात घातला. शिक्षक मिळेना तर कोश शोधला. हे त्याला कुणी शिकवावे लागले नाही. कोश आणि वाक्य यांच्यामध्ये एकट्याने बसण्याची सवय होतीच. भाषा वाया गेली, सवय गेली नाही.

ही सवय ओसाकातच का लागली याचे फुकुझावाने स्वतः एक कारण दिले आहे आणि ते विचार करण्यासारखे आहे. एदोतल्या विद्यार्थ्यांना शिकता शिकता संस्थानांची, सरकारची कामे मिळत. ओसाकातल्यांना काहीच मिळत नसे, मिळण्याची आशाही नसे, म्हणून ते अधिक खोल गेले. यात थोडी बढाई आहे. शिवाय कोश नकलून विकण्याने विद्यार्थ्यांना चार पैसे मिळत होते आणि बरेचजण वैद्यांचीच मुले असल्याने घरचा धंदा वाट पाहत होता. तरी मुद्दा उरतोच. ज्या विद्येतून ताबडतोब काही मिळायचे नसते ती लपवण्यातही काही मिळवायचे नसते.

पण ताबडतोब मिळायचे दिवस आले. १८५३ साली पेरी या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याची जहाजे आली आणि काल तुरुंगात टाकण्याजोगी असलेली विद्या संस्थानिकांना हवीहवीशी झाली, तीही तोफांसाठी. शाळेच्या नोंदवहीत १८४४ पासूनची ६३६ नावे आहेत, देशाच्या जवळपास प्रत्येक भागातली. त्यांतले कितीतरी तोफखाना आणि किल्लेबांधणीकडे वळले. कोआनने थांबवले नाही. उलट १८५४ च्या सुमारास एका जुन्या शिष्याला त्याने कळवले, की रुग्ण पाहणे कमी करून काळाला हवे असलेले पाश्चात्त्य विद्येचे अभ्यासक घडवणे हेच आता आपले काम आहे. १८६२ मध्ये शोगुनने त्याला एदोला बोलावून दरबारी वैद्य आणि पाश्चात्त्य वैद्यक संस्थेचा प्रमुख केले. जायची इच्छा नव्हती, नाही म्हणायची सोय नव्हती. दहाच महिन्यांत, १८६३ च्या उन्हाळ्यात, रक्ताची उलटी होऊन तो गेला.

पाच वर्षांनी यादवी युद्ध पेटले तेव्हा उघड्या विद्येची दुसरी बाजू दिसली. सम्राटाच्या सैन्याची आखणी करणारा ओमुरा मासुजिरो तेकिजुकुचा. एकेकाळी तो शाळेचा प्रमुख विद्यार्थी होता. शोगुनच्या फौजा घेऊन उत्तरेला लढत गेलेला ओतोरी केइसुकेही तेकिजुकुचा. त्या फौजेने शेवटचा आसरा घेतला तो हाकोदातेचा पाच टोकांचा किल्ला बांधणारा ताकेदा आयासाबुरो, तोही. म्हणजे विद्या वाटणाऱ्याने दोन्ही सैन्ये शस्त्रसज्ज केली म्हणायचे. हा आरोप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. जो कुणालाही शिकवतो तो शिकलेला माणूस कुणावर बंदूक धरील हे ठरवू शकत नाही. झाकून ठेवणाऱ्या वस्तादाला तेवढा तरी ताबा असतो. कोआनला याची जाणीव नव्हती असे मात्र नाही. जर्मन वैद्य हूफेलांडच्या ग्रंथाचा तीस खंडांत अनुवाद करताना त्याच्या शेवटच्या भागातून त्याने वैद्यांसाठी बारा नियम वेगळे काढून आपल्या शिष्यांना दिले होते. वैद्याने दुसऱ्यांसाठी जगायचे आणि रुग्णाचा दर्जा न पाहता रोग पाहायचा, असा त्यांचा रोख. तोफखान्यातल्या शिष्यांना अर्थातच ते लागू नव्हते. वैद्यांना होते. ताकामात्सु र्योउन हा तेकिजुकुचा वैद्य पॅरिसला शिकून आला तो थेट शोगुनच्या हरणाऱ्या सैन्याबरोबर हाकोदातेला गेला. तिथल्या रुग्णालयाचा ताबा घेताना त्याने अट घातली की आत कुणी ढवळाढवळ करायची नाही, आणि शत्रूचे जखमीही दाखल करून घेतले. आपल्या बाजूचे जखमी चिडून उठले तेव्हा त्यांनाही तो बधला नाही. सम्राटाचे सैनिक रुग्णालयात घुसले त्या दिवशी त्याचे बरेचसे रुग्ण वाचले.